बंध आणि अभय : पर्वतीच्या शिकारखान्यापासून माणिकडोहपर्यंत

भगवान महावीरांच्या प्रतिमेच्या पादपीठावर सिंहाचे लांछन कोरलेले असते. मंदिरात नित्य दर्शनास जाणाऱ्या श्रावकाची दृष्टी त्या सिंहावर पडते आणि तो नकळत त्यालाही वंदन करतो. समवसरणाच्या चित्रात सिंह आणि गाय एकाच ठिकाणी निर्वैर भावाने पाणी पिताना दाखविलेले असतात. मात्र जीवदयेच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळले की निराळे चित्र दिसते. पांजरपोळात गाय, बैल, म्हैस, शेळी, घोडा यांना आश्रय मिळतो. कबुतरांना दाणे घातले जातात. पक्ष्यांचे दवाखाने चालविले जातात. सिंह, वाघ, बिबट्या यांच्या नावाने मात्र जीवदयेच्या वहीत सहसा रक्कम पडत नाही. लांछनातील सिंह पूज्य आणि रानातील बिबट्या परका, अशी ही स्थिती आहे.

सदाशिव पेठेपासून सुमारे ९५ किलोमीटर अंतरावर, जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे एक निवारा केंद्र आहे. जखमी, अपंग, वृद्ध आणि पुन्हा रानात सोडता न येणाऱ्या बिबट्यांना तेथे ठेवले जाते. शिवनेरी अथवा लेण्याद्रीच्या निमित्ताने जुन्नरला जाणाऱ्या अनेकांच्या कानी या केंद्राचे नाव पडलेले असते. पुणेकरांनी हिंस्र पशूंना बंदिस्त ठेवण्याचा इतिहास मात्र त्याहून पुष्कळ जुना असून त्याचा आरंभ पेठेच्या अगदी शेजारी, पर्वतीच्या पायथ्याशी होतो. त्या इतिहासाचे समालोचन आणि त्यातून जीवदयेच्या विचाराला मिळणारा बोध हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शास्त्राची कसोटी

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार शास्त्राने सांगितले आहेत. जीवाला बांधून वा कोंडून ठेवणे हा त्यातील पहिला, म्हणजे बंध. त्यानंतर मारहाण, अवयवांचा छेद आणि शक्तीबाहेर भार लादणे हे तीन येतात. पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे जीवाचे अन्नपाणी तोडणे. या यादीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्राण घेणे तर दूरच, नुसते कोंडणेदेखील दोषच मानले आहे. कोंडलेला जीव गाय आहे की वाघ, असा भेद तेथे केलेला नाही. तेव्हा कोणत्याही पिंजऱ्यासमोर उभे राहिल्यावर पहिला प्रश्न एकच उरतो. हा बंध कोणाच्या हितासाठी आहे? कोंडणाऱ्याच्या, की कोंडलेल्या जीवाच्या? पुण्यातील पिंजऱ्यांचा इतिहास या एका प्रश्नाच्या आधारे वाचता येतो.

पेशव्यांचा शिकारखाना

सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेल्या या पेठेच्या दक्षिणेस सारसबाग आणि त्यापलीकडे पर्वती आहे. नानासाहेब पेशव्यांनी तेथे तळे बांधविले आणि पुढे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, त्या तळ्यातील बेटावर गणपतीची स्थापना झाली. सवाई माधवरावांना पशुपक्ष्यांचा विलक्षण छंद होता. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता आणि दूरदूरच्या प्रांतांतून आणलेले प्राणी तेथे बाळगले जात.

इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट त्या काळी पुणे दरबारी होता. त्याच्या आश्रयाने चित्रकला शिकलेल्या गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने १७९० मध्ये शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र रेखाटले. ते चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. आसामच्या बाजूला आढळणारा तो प्राणी मुळा-मुठेच्या काठी पाहून पुणेकरांना केवढा अचंबा वाटला असेल, याची कल्पना करता येते. अशा शिकारखान्याचा हेतू उघड होता. दुर्मीळ आणि हिंस्र पशू बाळगणे हे राजवैभवाचे चिन्ह मानले जाई. हिंदुस्थानात तसेच युरोपातही राजेरजवाडे याच भावनेने वाघ-सिंह बाळगीत. तेथील बंध धन्याच्या प्रतिष्ठेसाठी होता. पशूच्या हिताचा विचार त्यात असलाच तर तो धन्याची मौल्यवान वस्तू टिकावी इतकाच.

याच देशाच्या इतिहासात निराळी उदाहरणेही आहेत. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांच्या प्रभावाने कुमारपाल राजाने अमारी घोषणा केली, म्हणजे आपल्या राज्यात जीवहत्या बंद करविली. पुढे हीरविजयसूरी १५८३ मध्ये अकबर बादशहाच्या भेटीस फत्तेपूर शिक्री येथे गेले. बादशहाने त्यांच्यापुढे मौल्यवान भेटी ठेविल्या असता त्या नाकारून त्यांनी कैदी आणि पिंजऱ्यांतील पक्षी यांची मुक्तता तसेच पर्युषणाच्या दिवसांत हत्याबंदी मागितली आणि ती मिळविली. राजाकडून धन न मागता दुसऱ्या जीवाचे अभय मागणे, ही जैन इतिहासातील मोठी परंपरा आहे.

पांजरपोळाची मर्यादा

मुंबईत १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आणला, तेव्हा शहरात मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. पारशी आणि जैन व्यापारी यांनी मिळून केलेले ते कार्य होते. बाजारातील मालावर लागा बसवून पांजरपोळाचा खर्च भागविण्याची पद्धत गुजरात-मुंबईकडील व्यापारी पेढ्यांत रुजली होती.

या पांजरपोळांनी लाखो मुक्या जीवांना आधार दिला. त्यांची एक मर्यादा मात्र आरंभापासून होती आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. तृणभक्षक जीवाला चारा देता येतो. मांसभक्षक जीवाला काय द्यावे? एक जीव जगविण्यासाठी दुसऱ्याची हत्या घडवावी काय? हा पेच सोडविता न आल्याने वाघ-बिबट्यांचा विषय जीवदयेच्या कक्षेबाहेर राहिला. दुसरीकडे इंग्रजी अमलात वाघ-बिबटे मारणाऱ्यांस सरकारी बक्षिसे दिली जात होती. या पशूंविषयी समाजापुढे मग दोनच मार्ग उरले, बंदूक किंवा पिंजरा.

पेशवे उद्यान ते कात्रज

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विष्णुपंत छत्रे यांनी भारतीय सर्कशीचा पाया घातला. सांगली परिसरातून पुढे अनेक सर्कशी निघाल्या आणि वाघ-सिंहांचे खेळ गावोगावी पोचले. मराठी माणसाच्या धाडसाचा आणि उद्यमशीलतेचा तो गौरवशाली अध्याय आहे, यात शंका नाही. परंतु आगीच्या कड्यातून उडी मारणाऱ्या वाघाच्या बाजूने तो अध्याय कोणी लिहिला नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, पुणे महानगरपालिकेने सारसबागेशेजारी पेशवे उद्यान उभारले आणि त्यात प्राणिसंग्रहालय केले. राजाचा छंद आता नागरिकांच्या करमणुकीसाठी खुला झाला. १९५६ मध्ये तेथे 'फुलराणी' ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. सदाशिव पेठ, नवी पेठ, शुक्रवार पेठ येथील कुटुंबे रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन तेथे जात. फुलराणीची फेरी, भेळ आणि गजांआडचा वाघ, असा तो ठरलेला कार्यक्रम असे. त्या पिढीतील असंख्य मुलांनी वाघ प्रथम तेथेच पाहिला. त्या वाघाची जागा किती होती, त्याची फरशी उन्हात किती तापत असे, याकडे त्या वयात कोणाचे लक्ष जाणार? तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड येरझारा घालीत असे आणि मुलांना तो खेळ वाटे. बंदिस्त पशूच्या अशा येरझारा त्याच्या मनावरील ताणाचे लक्षण असतात, हे पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

हळूहळू विचार पालटला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले आणि पिंजऱ्यांच्या आकारापासून आहारापर्यंत नियम ठरले. १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या सर्कशीतील खेळांवर बंदी घातली. सर्कसचालक न्यायालयात गेले, पण बंदी कायम राहिली. त्यानंतर सर्कशींतून सोडविलेल्या वाघ-सिंहांसाठी देशात ठिकठिकाणी निवारा केंद्रे उघडावी लागली. अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. तेथे खाजगी घरांत वाघ-सिंह पाळण्याचे वेड होते. सोडून दिलेल्या अशा पशूंसाठी फ्लोरिडासारख्या राज्यांत आश्रयस्थाने निघाली आणि अखेर २०२२ च्या डिसेंबरात तेथील केंद्र सरकारने खाजगी मालकीस आळा घालणारा कायदा केला.

पुण्यातही १९९९ मध्ये कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले. सुमारे १३० एकरांच्या त्या परिसरात तळे आणि झाडी असून प्राण्यांसाठी मोकळी खंदकवजा आवारे केली गेली. २००५ मध्ये पेशवे उद्यानातील प्राणिसंग्रहालय बंद होऊन तेथील प्राणी कात्रजला गेले. पर्वतीच्या पायथ्याशी पेशवाईत सुरू झालेली हिंस्र पशू कोंडण्याची परंपरा, मधले खंड धरूनही, तेथे संपली. वैभवासाठीचा बंध आणि करमणुकीसाठीचा बंध हे दोन टप्पे झाले. तिसरा टप्पा त्याच सुमारास जुन्नरच्या उसात सुरू झाला होता.

उसातील बिबट्या

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा मुलूख पूर्वी बराचसा कोरडवाहू होता. १९७० च्या दशकापासून कुकडी प्रकल्पाची धरणे एकामागून एक पूर्ण होत गेली. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या कालव्यांनी पाणी खेळविले. साखर कारखाने निघाले आणि उसाचे क्षेत्र वाढले. शेतकऱ्याच्या घरी समृद्धी आली आणि तिच्यामागोमाग बिबट्याही आला.

वर्षभर उभे राहणारे उसाचे पीक बिबट्याला दाट रानासारखेच वाटते. आत सावली असते, जवळ कालव्याचे पाणी असते आणि गावाच्या कडेला कुत्री, शेळ्या, डुकरे हे भक्ष्य मिळते. मादी तेथेच पिल्ले घालते. त्या पिल्लांना डोंगरातील रान ठाऊकच नसते. ऊस हेच त्यांचे घर होते. नोव्हेंबरपासून तोडणी सुरू झाली की ते घर एका दिवसात नाहीसे होते आणि ऊसतोड मजुराच्या कोयत्यासमोर डोळेही नीट न उघडलेली पिल्ले सापडतात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सरासरी ४.८ बिबटे आढळले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभयारण्यात नव्हे, माणसांनी गजबजलेल्या शेतीच्या मुलखात मिळालेला हा आकडा आहे.

प्रारंभी वनखात्याने सर्वांना सुचणारा उपाय केला. २००१ च्या फेब्रुवारीपासून गावाजवळ दिसलेले बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या रानात सोडण्यास सुरुवात झाली. हेतू दुहेरी दयेचा होता. गावकरी सुटतील आणि बिबट्यालाही रान मिळेल, असे सर्वांना वाटले. परिणाम मात्र उलटा झाला. जुन्नर वनविभागातील घटनांचा अभ्यास विद्या अत्रेय यांनी पुढे परदेशी आणि भारतीय सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. त्यानुसार या मोहिमेपूर्वी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत होते, मोहिमेनंतर ती सरासरी १७ झाली. अभ्यासात आलेले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर दूर सोडले गेले होते.

यामागील कारणे समजण्यास कठीण नाहीत. अनोळखी प्रदेशात सोडलेला, पिंजऱ्यात धडका देऊन जखमी आणि भेदरलेला बिबट्या आपल्या मूळ जागेकडे परतू पाहतो. वाटेत अनोळखी गावे लागतात. इकडे त्याची रिकामी जागा दुसरा तरुण बिबट्या घेतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात यंत्रपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. संशोधकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेविले होते. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला आणि वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या अखेरीस वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. त्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढून बिबटे उचलून अन्यत्र सोडण्याची पद्धत टाळावी असे सांगितले.

दयेच्या आधी ज्ञान हवे, असा क्रम दशवैकालिक सूत्राने घालून दिला आहे. आपल्या दारातील भय उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणे म्हणजे अभयदान नव्हे, हे जुन्नरच्या त्या दोन-तीन वर्षांनी फार मोठी किंमत घेऊन शिकविले. ती किंमत शेतकऱ्यांच्या लेकरांनी दिली आणि बिबट्यांनीही दिली.

माणिकडोह

धरलेल्या बिबट्यांतील काही पुन्हा सोडण्यासारखे नसत. कोणी सापळ्यात पाय गमावलेला असे, कोणी आंधळा झालेला असे, कोणी माणसावर हल्ला केल्याने कायमचा अडकविलेला असे, तर कोणी आईपासून दुरावून माणसाच्या हातावर वाढलेला असे. अशांसाठी २००० च्या दशकाच्या आरंभी माणिकडोह येथे वनखात्याने केंद्र उभारले. १९९५ मध्ये स्थापन झालेली 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था पुढे त्याच दशकात वनखात्याच्या सोबतीने त्याच्या कामात आली. दरवेशांच्या नाचविल्या जाणाऱ्या अस्वलांना सोडवून त्या दरवेशी कुटुंबांना दुसरा रोजगार देण्याचे काम याच संस्थेने केले आहे.

माणिकडोह हे तिकीट काढून पाहण्याचे प्राणिसंग्रहालय नाही. तेथे परवानगीवाचून प्रवेश मिळत नाही आणि त्यामागे सबळ कारण आहे. माणसांची वर्दळ हीच बिबट्याला सर्वात त्रासदायक गोष्ट असते. फुलराणीच्या काळातील रविवारच्या गर्दीची सवय असलेल्या पुणेकराला प्रथम जाणवते ती तेथील शांतता. शहाजी सागराच्या परिसरात, सह्याद्रीच्या कुशीत हे केंद्र आहे. बिबट्या स्वभावतः एकटा राहणारा प्राणी असल्याने त्यांची आवारे स्वतंत्र ठेवावी लागतात. चढून बसण्यास लाकडी माच, नखे घासण्यास ओंडके आणि आडोशाला सावली असते. कोणी तीन पायांवर चालतो. कोणी डोळ्यांनी अधू असल्याने वासावरून पाहुण्याची चाहूल घेतो. माचावर पहुडलेला म्हातारा बिबट्या माणसाकडे पाहतो आणि निर्विकारपणे मान वळवितो. तेथे खेळ नाही, टाळ्या नाहीत आणि पशूने माणसासाठी काही करावे अशी अपेक्षाही नाही. रानात बारा-पंधरा वर्षे जगणारा हा प्राणी निवाऱ्यात वीस वर्षांच्या आसपासही पोचू शकतो. त्याचे आयुष्य लांबते, त्याची वाट मात्र भिंतीपाशी संपते. हाही बंधच आहे. फरक इतकाच की तो त्या जीवाच्या हितासाठी पत्करलेला, नाइलाजाचा बंध आहे.

म्हणूनच या केंद्राच्या कामाचा खरा मोठेपणा आत ठेवलेल्या बिबट्यांच्या संख्येत शोधू नये. आत यावे न लागलेल्या बिबट्यांत तो आहे. उसात पिल्ले सापडल्याचा निरोप आला की पशुवैद्य तेथे जातात आणि पिल्लांची तपासणी करतात. संध्याकाळी पिल्ले जिथे सापडली त्याच जागी खोक्यात ठेवली जातात आणि लांबून कॅमेरे लावले जातात. रात्री मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. अशा शंभराहून अधिक पिल्लांची आईशी भेट घडविली गेली आहे. ही भेट झाली नाही तर पिल्लाचे आयुष्य गजांआड जाते आणि पिल्लासाठी बिथरलेली मादी गावाला धोकादायक ठरते. एका रात्रीच्या संयमाने दोन्ही अनर्थ टळतात. विहिरीत पडलेल्या बिबट्याला आधारासाठी बाज सोडून मग पिंजऱ्याने वर काढणे, हे दुसरे नित्याचे काम होय.

नेमिनाथांची साक्ष

जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. तेथील एका लेणीसमूहाला अंबा-अंबिका असे नाव आहे. मूळची बौद्ध असलेल्या या लेण्यांत उत्तरकाळी जैन मूर्ती कोरल्या गेल्या. आज त्या झिजलेल्या आहेत. अंबिका ही बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षी आणि तिचे वाहन सिंह.

नेमिनाथांची कथा प्रत्येक जैन घरात ठाऊक आहे. विवाहासाठी निघालेल्या त्या राजपुत्राच्या कानी वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश आला. वऱ्हाडाच्या मेजवानीसाठी ते कोंडले आहेत, हे सारथ्याकडून कळताच त्यांनी पशूंना मुक्त करविले, रथ परत फिरविला आणि गिरनारची वाट धरली. मानमोडीच्या डोंगरात नेमिनाथांची आठवण आणि त्याच तालुक्यात बिबट्यांचा निवारा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. नेमिनाथांनी 'हे पशू कोणते' असे विचारले नाही. 'हे का कोंडले' असे विचारले.

आहाराचा पेच आणि चतुर्विध दान

आता मूळ अडचणीकडे वळले पाहिजे. केंद्रातील बिबट्याला मांस द्यावे लागते. त्यासाठी जैन न्यासाने द्रव्य कसे द्यावे, हा श्रावकाच्या मनातील संकोच खोटा नाही आणि त्याची टवाळी करणे योग्य नाही. काही जण यावर सिंहाच्या भवाचा दाखला देतात. भगवान महावीरांचा जीव पूर्वभवी सिंह असताना चारण मुनींच्या उपदेशाने त्यास बोध झाला आणि त्याने हिंसा व आहार सोडला, असे दिगंबर पुराणात वर्णन आहे. परंतु तो त्या सिंहाने स्वतः केलेला पुरुषार्थ होता. पिंजऱ्यातील बिबट्यावर दुसऱ्याने लादलेली उपासमार म्हणजे अन्नपाननिरोध, आणि तो अतिचारच होय. ज्याला कोंडले त्याच्या पोटाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते. ती येथे शासनाने उचलली आहे.

श्रावकाचारात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. बिबट्याच्या बाबतीत आहारदानाचा मार्ग श्रावकास अडचणीचा असला तरी उरलेले तिन्ही मार्ग पूर्ण मोकळे आहेत. जखमी पशूवरील शस्त्रक्रिया, औषधे, तपासणीची उपकरणे हे औषधदान. शेतकऱ्यांत आणि ऊसतोड मजुरांत बिबट्याविषयी शास्त्रीय माहिती पोचविणे हे ज्ञानदान. उघड्या विहिरींना कठडा बांधणे, शेळ्यांचे गोठे जाळीने बंदिस्त करणे, उसाच्या फडालगत झोपणाऱ्या मजुरांच्या झोपड्यांना दार आणि दिवा देणे हे अभयदान. यातील शेवटच्या प्रकारात मांसाचा प्रश्नच उद्भवत नाही, उलट शेळी, माणूस आणि बिबट्या या तिघांचेही प्राण वाचतात. एका खर्चाचे तीन ठिकाणी पुण्य जमा व्हावे, असा व्यवहार विरळाच.

या कामाची निकड किती आहे, हे २०२५ च्या शरद ऋतूत दिसले. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या आरंभी, काही आठवड्यांच्या आत, बिबट्याच्या हल्ल्यात दोन बालके आणि एक वृद्ध महिला मृत्युमुखी पडली. संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले, वनखात्याचे वाहन जाळले गेले आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर नसबंदी, नवी निवारा केंद्रे, बिबटे राज्याबाहेर पाठविणे अशा अनेक उपायांची चर्चा झाली. ज्या माऊलीचे लेकरू गेले तिच्यासमोर उभे राहून बिबट्याच्या दयेची भाषा करणे कोणालाही शक्य नाही आणि करूही नये. पुण्याच्या पेठेत, चौथ्या मजल्यावर सुरक्षित झोपणाऱ्याने दया दाखवावी आणि तिची किंमत शिरूरच्या शेतकऱ्याने मोजावी, हा न्याय नव्हे. जीवदयेत माणूसही जीवच आहे. त्याच्या अभयावाचून बिबट्याला अभय मिळणार नाही.

२०२२ च्या गणनेनुसार देशात सुमारे १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज वर्तविला गेला. ही गणना मुख्यतः जंगलांतील आहे. इतक्या सर्वांना कोणतेही माणिकडोह सामावून घेऊ शकत नाही. निवारा केंद्र हा अखेरचा आश्रय आहे. त्याआधीची सारी वाट शेतात, गोठ्यात आणि विहिरीच्या कडेला सुधारावी लागेल.

पर्वतीच्या शिकारखान्यापासून माणिकडोहपर्यंत सव्वादोनशेहून अधिक वर्षांचा काळ लोटला. वैभवासाठी कोंडणारा माणूस करमणुकीसाठी कोंडू लागला आणि करमणुकीकडून आश्रयापर्यंत आला. ही प्रगती निश्चितच आहे. परंतु लांछनातील सिंहाला जो श्रावक नित्य वंदन करतो, त्याने तेथेच थांबू नये. न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांच्या जीवदयेच्या वहीत उसाच्या फडालगतच्या एखाद्या झोपडीच्या दाराची आणि एखाद्या उघड्या विहिरीच्या कठड्याची नोंद पडली, तर नेमिनाथांनी वळविलेला रथ आजही त्याच दिशेने चालला आहे असे म्हणता येईल. पिंजरा बांधणे जितके सोपे, तितकेच पिंजऱ्याची गरज उरू न देणे कठीण आहे. आणि अभयदान या शब्दाचा पूर्ण अर्थ त्या कठीण कामातच आहे.